आंबोलीत पावसातली रात्रफेरी: कधी यायचं, कुणाबरोबर जायचं, कसं बघायचं

आंबोलीला जनावरं बघायला यायचं असेल तर शनिवार-रविवार टाळा. धबधब्याखाली गर्दी, रस्त्याकडेला कणसांच्या गाड्या, घाटात अडकलेली एसटी आणि रात्री उशिरापर्यंत गाड्यांमधली गाणी. बेडकांचा आवाज ऐकायला पुण्या-मुंबईहून यायचं आणि डीजे ऐकून जायचं, हे काही मला पटत नाही. सोमवार ते गुरुवार या. मुक्काम दोन रात्रींचा ठेवा. एकच रात्र ठेवलीत आणि नेमका त्याच रात्री वारा सुटला, तर हात हलवत परत जाल.

मी पावसाळ्यात पाहुण्यांना रात्री फिरवते. जेवणं लवकर उरकायची, साडेसातच्या सुमारास निघायचं आणि दहा-साडेदहापर्यंत परत. एवढ्या वेळात आपण चालतो फार तर अर्धा-पाऊण किलोमीटर. हे सांगितलं की नवख्या माणसाचा चेहरा पडतो. माझे सासरे तर अजूनही पाहुण्यांना विचारतात, "बेडूक बघूक इतक्या लांबसून इलात?"

महिना निवडणं ही पहिली पायरी. आंबोली समुद्रसपाटीपासून साधारण ६९० मीटर उंचीवर, घाटमाथ्याच्या अगदी कडेला आहे. समुद्राकडून येणारे ढग इथेच धडकतात, त्यामुळे वर्षाचा पाऊस सात हजार मिलीमीटरच्या आसपास जातो. जूनच्या पहिल्या सरी पडल्या की सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या कातळावर, आंबोली टोड बाहेर पडतात. अंगावर पिवळसर वेडेवाकडे पट्टे असलेला हा छोटा भेक. विज्ञानाच्या दप्तरी त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली ती थेट २००९ साली, आणि आज तो अतिसंकटग्रस्तांच्या यादीत आहे. कातळावरच्या उथळ डबक्यांत तो अंडी घालतो. मध्येच पावसाने दडी मारली तर डबकं आटतं आणि सगळं संपतं. म्हणून जूनमध्ये सड्यावर जायचंच असेल तर डबक्यात पाय घालू नका, डबकं ओलांडूनही जाऊ नका, वळसा घ्या.

जूनचा शेवट ते जुलैचा मध्य हा बेडकांसाठी उत्तम काळ. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पावसाचा जोर उतरतो. बेडकांचा गोंगाट कमी होतो, पण साप जास्त दिसतात, शिवाय दिवसा सड्यावर सीतेची आसवं, गेंद आणि पिवळा कवला फुललेला असतो. लहान मुलं बरोबर असतील तर सप्टेंबरच बरा. जुलैचा पाऊस मुलांना पहिल्या अर्ध्या तासात रडवतो. रात्र कुठलीही असो, दिवसभर धो धो कोसळून संध्याकाळी रिमझिम झाली आणि वारा पडला, की समजा जमलं. वारा असेल तर मी स्वतःच फेरी पुढे ढकलते. पानं हलतात, आवाजाची दिशा कळत नाही आणि वरून फांद्या पडतात.

पोचायचं सोपं आहे. कोकण रेल्वेने सावंतवाडी रोड स्टेशन, तिथून सावंतवाडी आणि पुढे तीसेक किलोमीटर घाट चढून वर. कोल्हापूरकडून आजऱ्यामार्गे, बेळगावकडूनही थेट रस्ता आहे. स्वतःची गाडी असेल तर उजेडात पोचा. घाटातल्या धुक्यात पुढच्या गाडीचा मागचा दिवाही दिसत नाही.

वाटाड्या निवडताना

फोनवर चार गोष्टी विचारा. पहिली, एका वेळी किती माणसं नेता? सहा ठीक, आठ म्हणजे डोक्यावरून पाणी. पंधरा जणांची रांग असली तर मागच्या दहांना फक्त पुढच्यांच्या पाठी दिसतात.

दुसरी, साप पकडून दाखवता का? समोरच्याने अभिमानाने "हो, अगदी हातात देतो" असं सांगितलं तर नमस्कार करून फोन ठेवा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते चालत नाहीच, पण कायदा सोडा. इथे रात्री हमखास भेटणारा साप म्हणजे मलबारी चापडा. आपल्याकडे मिळणारं प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांच्या विषावर तयार केलेलं असतं. चापड्याच्या विषावर त्याचा भरवसा धरता येत नाही. चापड्याच्या दंशाने माणूस सहसा दगावत नाही, पण सूज आणि वेदना अशा की पुढचे दिवस विसरता येणार नाहीत.

तिसरी, नेणार कुठे? राखीव जंगलात रात्री परवानगीशिवाय शिरता येत नाही. रस्त्याची कड, गावातली खाजगी जमीन, विहिरी, टाक्या, मालकाला विचारून त्याच्या बागेचा बांध, एवढ्यातच भरपूर दिसतं. "आतल्या जंगलात नेतो, कुणाला कळत नाही" असं म्हणणारा माणूस अडचणीच्या वेळी तुम्हालाही तिथेच सोडेल.

चौथा प्रश्न खरं तर सापळा आहे: अमुक एक प्राणी नक्की दिसेल ना? नक्की दिसेल म्हणणाऱ्यापासून सावध राहा. बेडूक दुपारीच पकडून डब्यात ठेवायचा आणि रात्री छानशा पानावर मांडायचा, असले प्रकार चालतात. पानाच्या अगदी मध्यावर, स्वच्छ जागी, सगळ्यांच्या कॅमेऱ्यांकडे तोंड करून बसलेला बेडूक दिसला तर एवढंच विचारा, की हा इथे कधीपासून आहे.

अंगावर काय, पिशवीत काय

गुडघ्याच्या खालपर्यंत येणारे गमबूट सगळ्यात चांगले. तळ घासून स्वच्छ करून, कोरडे करून आणा. दुसऱ्या जंगलातली माती इथे आणू नका. बेडकांच्या कातडीला होणारा कायट्रिड नावाचा बुरशीचा रोग जगभर ओल्या मातीतून, पाण्यातून पसरला आहे आणि पश्चिम घाटातही त्याची नोंद झाली आहे.

कुरकुरणारा प्लास्टिकचा रेनकोट घरी ठेवा, त्याच्या आवाजात दुसरं काही ऐकू येत नाही. कापडी अस्तराचा चालेल. छत्रीही चालेल, निदान कॅमेरा तरी कोरडा राहील. विजेऱ्या दोन हव्यात: एक डोक्याला बांधायची, मंद उजेडाची, दुसरी हातातली. मोबाईलचा दिवा हा उजेड नव्हे. तो पाच पावलांवर संपतो आणि फोन भिजतो तो वेगळाच.

जळवांना घाबरू नका, पण हाता-पायाला डास पळवायचं मलम चोपडून येऊ नका. बेडूक कातडीतून पाणी घेतो, हवाही घेतो. तुमच्या हातावरचं मलम एखाद्या ओल्या पानाला लागलं की त्याच्या अंगात जातं. जळू चिकटली तर नख तिच्या तोंडाजवळ घालून बाजूला सरकवा, सुटते. मीठ टाकू नका, काडी लावू नका. रक्त थोडा वेळ वाहत राहतं, कारण ते गोठू नये याची सोय तिने करून ठेवलेली असते. चिंधीने दाबून धरा आणि चालू लागा.

फेरी

निघाल्यावर पहिलं काम विजेऱ्या बंद करण्याचं. मी सगळ्यांना रस्त्याच्या कडेला पाच मिनिटं काळोखात उभं करते. पहिलं मिनिट खोकण्यात, चुळबुळीत जातं. मग आवाज सुटे होत जातात. एकसारखी टिकटिक करणारा तो झुडपी बेडूक. शेतातून येणारं जाड डरांव डरांव वेगळं. आणि टाकीच्या दिशेने मधूनच चार-पाच खटके, जिभेने टाळूवर मारल्यासारखे, तो मलबारी उडता बेडूक.

झुडपी बेडूक अंगठ्याच्या पेराएवढा असतो आणि आवाज त्याच्या दहापट. एकट्याने शोधायला गेलात तर वेडे व्हाल. दोघांनी चार-पाच पावलांच्या अंतरावर उभं राहायचं आणि आवाज येतो त्या दिशेला हात करायचा. दोन हातांच्या रेषा जिथे मिळतील तिथलं पान बघायचं. विजेरी पडली की तो गप्प होतो. गप्प झाला की दिवा विझवायचा, थांबायचं, पुन्हा ओरडू द्यायचं. इथल्या एका झुडपी बेडकाच्या शास्त्रीय नावातच आंबोली आहे. यांच्यात शेपटीवाली पोहणारी पिल्लं नसतात. अंड्यातून थेट इवलासा पूर्ण बेडूक निघतो, म्हणून यांना डबकं लागत नाही, ओलावा असला की पुरे.

उडत्या बेडकाला मात्र खाली पाणी हवं. हिरवागार, बोटांमधले पडदे तांबडे-नारिंगी. लोक त्याला दाट जंगलात शोधत फिरतात आणि तो असतो घरामागच्या सिमेंटच्या टाकीवर. टाकीवर झुकलेल्या फांदीवर मादी येते, पाठीवर तिच्याहून लहान नर. ती अंगातून निघणारा द्रव मागच्या पायांनी घुसळून फेस करते आणि त्यात अंडी सोडते. फेसाचा पांढरा गोळा बाहेरून सुकतो, आत ओल राहते. काही दिवसांनी आतून पिल्लं सुटतात आणि टप टप पाण्यात पडतात. खाली कधी कधी विरोळा, म्हणजे पाण्यातला साप, मान वर काढून त्यांचीच वाट बघत असतो. पाहुणे हळहळतात, विरोळ्याला हाकला म्हणतात. मी हाकलत नाही.

ही घुसळण चालू असताना टाकीजवळ जायचं नाही, चार पावलं लांब थांबायचं. विजेरी बाजूने मारायची, डोळ्यांवर नाही. फ्लॅशचे दोन-तीन फोटो झाले की कॅमेरा खाली. एका टाकीपाशी तासभर बसायची तयारी ठेवा. ज्यांनी तो तास दिला त्यांनी फेस होताना बघितला. "पुढे काय आहे?" म्हणून पुढे गेलेल्यांनी ओला रस्ता बघितला.

चालताना झाडाला हात टेकू नका. घसरलात तर सरळ खाली बसा, फांदी धरू नका, कारण चापडा कमरेच्या, खांद्याच्या उंचीवरच बसतो. हिरवा, तपकिरी, पिवळट, कुठल्याही रंगाचा असतो. भक्ष्य येण्याची वाट बघत एकाच फांदीवर कित्येक दिवस काढतो, म्हणून चांगल्या वाटाड्याला त्याचा पत्ता पाठ असतो. हातभर अंतरावरून नाही, दोन मीटरवरून बघा. दंश झालाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. हातपाय हलवू न देता घाट उतरून सावंतवाडीचं रुग्णालय गाठायचं. म्हणून फेरीला गाडी आणि चालक तयार आहे का, हेही आधी विचारून ठेवा.

मुलांसाठी एक युक्ती: विजेरी कानशिलाजवळ, डोळ्याच्या रेषेत धरा आणि गवतावर उजेड टाका. निळसर-हिरवे ठिपके चमकतात. ते कोळ्यांचे डोळे. अतिनील विजेरी असेल तर दगडाच्या कपारीत विंचू हिरवट चमकतो. हे दाखवलं की मुलं पुढचा अर्धा तास पाऊस विसरतात.

रस्त्यावर गांडुळासारखं पण जाड, तुकतुकीत काही सरपटताना दिसलं तर पाय आवरा. ते देवगांडूळ असू शकतं. त्याला जबडा आहे, दात आहेत, आणि नात्याने ते बेडकांचं भावंड. त्याची एक जात २००३ साली इथूनच जगाला कळली. रात्री रस्त्यावरच्या अर्ध्या गोष्टी चाकाखाली जातात. रात्री गाडी चालवायची वेळ आलीच तर वीसच्या वर नको.

गवा समोर आला तर विजेरी खाली, बोलणं बंद, आणि तोंड त्याच्याकडेच ठेवून हळूहळू मागे सरकायचं. तो रस्ता सोडेपर्यंत थांबायचं, मग अर्धा तास का लागेना. आणि "ताई, वाघ दिसेल का?" तर या डोंगररांगेतून वाघ जातो-येतो, पण वाघासाठी येणार असाल तर दादा, ताडोब्याला जा.

सकाळी उशिरापर्यंत झोपू नका. पहाटे शीळकरी कस्तुर घरांच्या आसपास शीळ घालतो, अंथरुणातूनही ऐकू येते. उजाडल्यावर हिरण्यकेशीला जा. गुहेतून नदी निघते, महादेवाचं देऊळ आहे, आणि तिथल्या कुंडात एक छोटा मासा आहे, ज्याला नदीचंच नाव मिळालं. त्याचा शोध २०२०मध्ये जाहीर झाला आणि २०२१मध्ये ती जागा जैवविविधता वारसास्थळ झाली. कुंडात पाय धुऊ नका, चुरमुरे टाकू नका.

फोटो टाकताना खाली "आंबोली" एवढंच लिहा. कुठली टाकी, कुठल्या वळणावरचं झाड, ते लिहू नका आणि फोनमधली जागेची नोंद बंद ठेवा. चापड्याचा पत्ता एकदा पसरला की दुसऱ्या दिवशी काठी घेऊन फांदी वाकवणारे हजर होतात. परतीच्या एसटीची वेळ आदल्या दिवशीच स्टँडवर विचारा, पावसात वेळापत्रक मागेपुढे होतं.