पळस-पांगाऱ्याची छायाचित्रे काढताना आणि एकमेकांना दाखवताना

पंचांगातला वसंत चैत्रात सुरू होतो, परंतु कॅमेरा घेऊन हिंडणाऱ्याने तोवर थांबून चालत नाही. काटेसावरीला जानेवारीच्या अखेरीपासूनच कळ्या दिसू लागतात, पाठोपाठ पांगारा लाल होतो, आणि माघ संपता संपता पळस पेटतो. गुढीपाडव्यापर्यंत यांतला पुष्कळसा बहर जमिनीवर आलेला असतो. आम्ही आठ-दहा हौशी छायाचित्रकार दरवर्षी फाल्गुनातल्या एका रविवारी कोणाच्या तरी घरी जमतो आणि त्या हंगामातली आपापली छायाचित्रे मांडून बसतो. पहिली काही वर्षे या बैठकीत एकच छायाचित्र दहा जणांकडून पाहायला मिळत असे: निळे आकाश, त्यावर केशरी फुलांचा घोस, फार तर एखादा सूर्यपक्षी. त्यातून बाहेर पडण्यासाठी जे उपयोगी पडले, ते येथे मांडतो.

सर्वात महत्त्वाची गोष्ट झाडाच्या निवडीची आहे. दहा झाडांची दहा छायाचित्रे काढण्यापेक्षा घरापासून तासाभराच्या अंतरावरचे एकच झाड निवडावे आणि त्याच्याकडे पाच-सहा आठवड्यांत किमान चार वेळा जावे. पहिल्या भेटीत पळसावर फक्त काळपट, मखमली कळ्या असतील आणि फांद्या नुसत्या वेड्यावाकड्या दिसतील. दुसऱ्या भेटीत एखादीच फांदी फुललेली असेल, आणि माझ्या मते पळसाचे सर्वात बोलके रूप हेच, कारण काळी कळी आणि केशरी पाकळी तेव्हा एकाच चौकटीत शेजारी शेजारी असतात. तिसऱ्या भेटीत पूर्ण बहर आणि पक्ष्यांची झुंबड, तर चौथ्या भेटीत खाली पडलेला सडा आणि वर पोपटी शेंगांची सुरुवात. एवढे पाहिलेल्या माणसाकडे दाखवण्यासारखे आणि सांगण्यासारखे असे दोन्ही असते.

झाड निवडताना फुलांपेक्षा त्यामागे काय आहे ते आधी पाहावे. पळस, पांगारा आणि काटेसावर ही तिन्ही झाडे बहराच्या वेळी जवळजवळ निष्पर्ण असतात, त्यामुळे मागची प्रत्येक गोष्ट चौकटीत शिरते: विजेच्या तारा, मोबाइलचा मनोरा, दुसऱ्या झाडाच्या फांद्या. मागे सावलीतला डोंगरउतार असेल तर फूल उठून दिसते. मागे दुपारचे पांढुरके आकाश असेल तर तेच फूल काळवंडते. फेब्रुवारीत पुण्याच्या आसपास सूर्य सातच्या सुमारास उगवतो. तेव्हापासून साडेआठपर्यंतचा उजेड वापरावा, कारण त्यानंतर हवेतली धूळ आणि धुरकट पडदा जाणवू लागतो. सूर्य फुलाच्या मागे ठेवून एकदा अवश्य पाहावे. पाकळीतून उजेड आरपार येतो, तिच्यातल्या शिरा दिसतात आणि देठाकडची लव सोनेरी कडेसारखी चमकते.

आता रंगाविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण आमच्या बैठकीत सर्वाधिक चित्रे याच ठिकाणी बिघडलेली आढळली. कॅमेऱ्याचा सेन्सर लाल, हिरवा आणि निळा असा तीन भागांत प्रकाश नोंदवतो. पळसाची पाकळी लाल भागात भरभरून प्रकाश पाठवते, हिरव्यात कमी आणि निळ्यात फारच थोडा. कॅमेरा मात्र एकूण उजेडाचा हिशोब करतो आणि नेहमीच्या एकरंगी हिस्टोग्रॅममध्ये (उजेडाची वाटणी दाखवणाऱ्या आलेखात) सारे काही ठीक दिसते. प्रत्यक्षात लाल भाग केव्हाच ओसंडून गेलेला असतो, पाकळीवरचा पोत नाहीसा होतो आणि फूल प्लॅस्टिकच्या केशरी तुकड्यासारखे सपाट दिसू लागते. यावर उपाय सोपा आहे. कॅमेऱ्यात तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्रॅम दिसेल अशी व्यवस्था करावी, एक्स्पोजर (सेन्सरवर पडणारा उजेड) पाऊण ते एक स्टॉपने कमी ठेवावे (एक स्टॉप कमी म्हणजे निम्मा उजेड), व्हाइट बॅलन्स (रंगछटेचा समतोल) स्वयंचलित न ठेवता 'डेलाइट'वर स्थिर करावा आणि छायाचित्र रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने संस्कार न केलेल्या मूळ नोंदीच्या रूपात, घ्यावे. मोबाइलवर काढणाऱ्यांनी फुलावर बोट टेकवून फोकस करावा आणि उजेडाची पट्टी थोडी खाली ओढावी. पुढे संगणकावर संस्कार करताना रंगाची तीव्रता वाढवण्याचा मोह आवरावा. पळसाला तिची गरज नसते, उलट केशरी आणि लाल यांची तीव्रता किंचित उतरवली तर हरवलेला पोत परत आल्यासारखा वाटतो.

पक्ष्यांसाठी फार शोधाशोध करावी लागत नाही. पळसाचे फूल पक्ष्यांसाठीच घडलेले आहे: पोपटाच्या चोचीसारखी वाकलेली पाकळी, तिच्या आत पुंकेसर आणि तळाशी मध. संस्कृतात याला किंशुक म्हणतात, म्हणजे 'हा पोपट तर नव्हे?', आणि तो प्रश्न कोणाला का पडला असेल हे कळी उमलताना जवळून पाहिले की समजते. सूर्यपक्षी, बुलबुल, साळुंक्या, कोतवाल यांची सकाळभर ये-जा चालते, आणि परतीच्या वाटेवरचे पळसमैनांचे थवे तर नावातच हे झाड घेऊन येतात. पक्ष्याचा पाठलाग करू नये. भरपूर फुललेली एक फांदी हेरून, सूर्य पाठीशी घेऊन, पंधरा-वीस पावले मागे शांत बसावे. शटर १/१००० सेकंद किंवा त्याहून वेगवान, अ‍ॅपर्चर (भिंगाचे छिद्र) एफ ५.६ च्या आसपास आणि फोकस फांदीवर आधीच साधलेला. चोचीला किंवा कपाळावर लागलेले पिवळे पराग दिसत असतील, तर त्या छायाचित्रात झाडाची आणि पक्ष्याची देवाणघेवाणच नोंदली जाते. घरट्यांची छायाचित्रे मात्र काढू नयेत. अनेक स्पर्धा ती स्वीकारतच नाहीत, आणि स्पर्धेचा प्रश्न नसला तरी आपल्या वावरण्याने पालक पक्षी घरटे सोडून जाण्याचा धोका खरा असतो.

काटेसावरीखाली आल्यावर कॅमेरा जमिनीपर्यंत खाली न्यावा. तिची मांसल, पाच पाकळ्यांची फुले अख्खीच गळतात आणि उताणी पडली तर ताजी असेपर्यंत जमिनीवरच उमलल्यासारखी दिसतात.

बैठकीसाठी प्रत्येकाने सहाच छायाचित्रे आणावीत. साठांतून सहा निवडताना जो विचार करावा लागतो तो पुष्कळांना चर्चेपेक्षाही जास्त शिकवून जातो. निवड केल्यावर लांब बाजू सुमारे २००० पिक्सेल ठेवून फाइल एसआरजीबी या नेहमीच्या पडद्यांच्या रंगपद्धतीत जतन करावी. मोठ्या व्याप्तीच्या रंगपद्धतीतली फाइल काही पडद्यांवर मलूल दिसते आणि मग दोष पडद्याचा असताना बोलणी छायाचित्रकाराला खावी लागतात. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची असल्यास 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावीत, म्हणजे ती दाबली जाऊन खराब होत नाहीत. सर्वांची चित्रे एकाच पडद्यावर पाहावीत. प्रोजेक्टरवर केशरी रंग फिका पडतो असा आमचा अनुभव आहे, म्हणून आम्ही चांगला टीव्ही वापरतो आणि प्रत्येकाच्या एका चित्राची ८ × १२ इंचांची छापील प्रत सतरंजीवर मांडतो. कागदावर पाहताना माणसे जास्त वेळ थांबतात.

चर्चेचा आमचा क्रम ठरलेला आहे. छायाचित्र समोर आले की ते काढणारा गप्प राहतो आणि इतरांनी आधी फक्त काय दिसते ते सांगायचे असते. 'अप्रतिम', 'काय सुंदर रंग' असे म्हणून थांबता येत नाही. कारण सांगावे लागते. 'माझी नजर आधी उजव्या कोपऱ्यातल्या तारेवर गेली' किंवा 'पक्षी आणि घोस यांच्यामधली रिकामी जागा मला आवडली', अशा वाक्यांचा काढणाऱ्याला उपयोग होतो. त्यानंतर तो आपला हेतू सांगतो, आणि शेवटी सूचना. एका चित्राला पाच-सात मिनिटे पुरतात. नवख्या सदस्याला एकच सूचना द्यावी, तीही पुढच्या रविवारी अमलात आणता येईल अशी.

एका वर्षी एका मैत्रिणीने आणलेल्या छायाचित्रात पुढे फुललेला पळस होता आणि मागे वणव्याने जळालेला काळा उतार. सह्याद्रीच्या गवताळ उतारांवर या दिवसांत वणवे लागतात, आणि अनेकदा ते माणसानेच लावलेले असतात. तिघांनी सुचवले की काळा भाग कापून टाकावा, म्हणजे फुले मोकळी दिसतील. तिचे म्हणणे पडले की तो उतारच तिला दाखवायचा होता, कारण पळस आगीतून तगून राहतो आणि बाकीचे पुष्कळ काही राहत नाही. तासभर वाद झाला. मला आजही तिचीच बाजू बरोबर वाटते, मात्र तिला हेही सांगितले गेले की चौकटीत उताराला फारच थोडी जागा मिळाली आहे, म्हणून तो चुकून आल्यासारखा दिसतो. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा गेली आणि तेच झाड खालच्या बाजूने, अर्धी चौकट काळ्या उताराला देऊन टिपून आली.

संस्कारांच्या बाबतीत मर्यादा आधीच ठरवून घ्यावी, म्हणजे बैठकीत कटुता येत नाही. फियाप (छायाचित्रण संस्थांचा आंतरराष्ट्रीय महासंघ), अमेरिकेतील पीएसए (फोटोग्राफिक सोसायटी ऑफ अमेरिका) आणि ब्रिटनमधील रॉयल फोटोग्राफिक सोसायटी यांनी मान्य केलेल्या निसर्गछायाचित्रणाच्या व्याख्येत चौकट कापणे चालते, परंतु चित्रात काही घालणे किंवा त्यातून काही काढून टाकणे चालत नाही. आम्ही हाच नियम पाळतो. तार नको असेल तर दोन पावले सरकून पुन्हा छायाचित्र काढायचे.

छापील प्रतीच्या मागे झाडाचे ठिकाण, तारीख आणि बहराची अवस्था पेन्सिलने लिहून ठेवावी: कळ्या, अर्धा बहर, पूर्ण बहर, शेंगा. दुर्मीळ पिवळ्या पळसाचे ठिकाण मात्र फक्त आपल्या वहीत लिहावे आणि फाइल पाठवण्यापूर्वी तिच्यातली स्थाननोंद काढून टाकावी, कारण अशा झाडांच्या फांद्या आणि साली लोक ओरबाडून नेतात. आपल्या नोंदी इतरांच्याही उपयोगी पडाव्यात असे वाटत असेल, तर सीझनवॉच या नागरिक-विज्ञान प्रकल्पात नेहमीच्या झाडांची पालवी, फुले आणि फळे यांच्या आठवड्याच्या आठवड्याला नोंदी करता येतात. पुढच्या फाल्गुनात जमताना गेल्या वर्षीच्या प्रती सोबत आणाव्यात आणि त्याच झाडाचे नवे चित्र जुन्याच्या शेजारी ठेवूनच बैठकीला सुरुवात करावी.