वाचाघात झालेल्या माणसाचं बोलणं तपासण्याआधी

वाचाघात म्हणजे मेंदूला इजा झाल्यामुळे, बहुतेकदा मेंदूच्या झटक्यानंतर (स्ट्रोक), बोलणं आणि समजणं बिघडणं. तपासणीच्या आदल्या दिवशी घरच्यांना फोन करा. चष्मा, कवळी आणि असेल तर श्रवणयंत्र बरोबर आणायला सांगा, यंत्राचा सेल संपलेला नाही ना तेही विचारा. कवळी घरी राहिली की उच्चार सुटतात आणि नोंद मात्र मेंदूच्या नावावर होते. त्याच फोनवर शिक्षण, लिहिता हात, झटक्याची तारीख आणि घरची बोली विचारून घ्या. यातलं सगळ्यात जास्त बोलीच्या बाबतीत चुकतं. मालवणचे आजोबा ‘माका’ म्हणाले किंवा वऱ्हाडातल्या आजी ‘मले’ म्हणाल्या, तर तो बिघडलेला ‘मला’ नव्हे. तो त्यांचा धडधाकट शब्द आहे, त्याचे गुण कापणं हा अन्याय आहे. शंका आली तर घरच्यांना एवढंच विचारा: झटक्याआधीही असंच म्हणायचे का?

वस्तू ओळखण्यासाठी 20 खऱ्या वस्तू पिशवीत भरा: कुलूप, कात्री, चमचा, वाटी, सुई, कंगवा असं रोजच्या हाताखालचं. प्रत्येकीची चालणारी सगळी नावं आधीच कागदावर उतरवा. कंगवा आणि फणी, किल्ली आणि चावी, काडेपेटी आणि माचिस दोन्ही बरोबर. त्याच वयाच्या चार-पाच निरोगी माणसांना वस्तू दाखवून बघा, तेही अडखळले तर वस्तू बदला. नाव आठवायला 20 सेकंद पूर्ण द्या, घड्याळ समोर ठेवा, कारण गप्प बसलेल्या माणसासमोर आपले 5 सेकंदही 20 वाटतात. मग वापर सांगा, तरीही न आल्यास पहिला आवाज द्या. इथे ‘कं’ म्हटलं की व्यंजनाबरोबर स्वर आणि अनुस्वारही देऊन टाकतो, म्हणून नेमकं काय उच्चारलं ते लिहा.

खोलीतला पंखा, टीव्ही बंद. उजव्या बाजूचं दिसत नसेल तर वस्तू शेजारी-शेजारी न मांडता समोर, किंचित डावीकडे, एकाखाली एक ठेवा. उजवा हात लुळा असेल तर सूचना डाव्या हाताच्याच द्या. नातेवाईक रुग्णाच्या मागे बसतील आणि शब्द पुरवणार नाहीत, हे आधीच प्रेमाने सांगा.

समज तपासताना आपली नजर फितूर होते: ‘खिडकी दाखवा’ म्हणताना आपण खिडकीकडे बघतो आणि रुग्ण आपल्या डोळ्यांमागे जातो. कागदावर बघून सूचना द्या. हो-नाहीचे प्रश्न जोडीने लिहा: ‘तुम्ही साताऱ्यात राहता का?’ आणि पुढे कुठेतरी ‘तुम्ही नागपुरात राहता का?’ 10 पैकी 5 बरोबर येणं म्हणजे नुसता अंदाज. मान हलवलेली हो की नाही हे कळत नसेल तर दोन ठळक कार्डं द्या.

वाक्यांसाठी ‘मुलीने मुलाला ढकललं’ आणि ‘मुलाला मुलीने ढकललं’ अशी दोन्ही क्रमांची जोडी हवी. मराठीत कोणी कोणाला ढकललं हे ‘ने’ आणि ‘ला’ सांगतात. व्याकरण हललेला रुग्ण पहिल्या नावालाच करणारा धरतो, म्हणून एकाच क्रमाची वाक्यं ठेवली तर हा दोष लपतो.

वार, 1 ते 20 आकडे, आरती हे सगळं शेवटी. ते सुरळीत आलं म्हणून बोलणं सुधारलं असं लिहू नका. पाठ असलेलं आपोआप येतं, मनातलं सांगणं वेगळं. चित्रवर्णनासाठी एसटी स्टँड किंवा आठवडी बाजाराचं गजबजलेलं चित्र घ्या.

रेकॉर्डिंगचा फोन विमान मोडवर, तोंडापासून हातभर अंतरावर. रेकॉर्डिंगची परवानगी सोप्या वाक्यांत, खुद्द रुग्णाकडून. सकाळची, झोप झालेली वेळ धरा. झटक्यानंतरच्या पहिल्या आठवड्यांत 20 मिनिटांत थांबा, उरलेलं दुसऱ्या दिवशी. थकल्यावर एकच शब्द पुन्हा पुन्हा येऊ लागतो आणि पुढचे सगळे गुण त्यात बुडतात. रेकॉर्डिंग त्याच दिवशी शब्दशः उतरवा, चुकलेला शब्द दुरुस्त न करता, थांबे धरून.