चिनी सणांचे पदार्थ आणि बालवर्गातील भाषाशिक्षण : नव्या शिक्षकांसाठी काही अनुभव

शांघायमधील एका बालवाडीत मी चिनी मुख्य शिक्षिकेच्या हाताखाली साहाय्यक शिक्षिका म्हणून काम करते. आमच्या वर्गातील बहुतेक मुले परदेशी कुटुंबांतील असून चिनी भाषा त्यांच्यासाठी नवी आहे. भारतात मँडरिन शिकून बालशिक्षणाकडे वळू पाहणारे मराठी विद्यार्थी मला सणांच्या पदार्थांवरील उपक्रमांविषयी अनेकदा विचारतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. पदार्थ देखणा झाला की नाही याला मी फार महत्त्व देत नाही. हाताची हालचाल आणि कानावर पडणारे वाक्य एकाच क्षणी जुळले पाहिजे, याकडे मात्र माझे सतत लक्ष असते, आणि उपक्रमाची सगळी आखणी मी त्याच दृष्टीने करते.

नवखे शिक्षक बहुधा प्रथम त्सोंगत्झची, म्हणजे पानात बांधून शिजवलेल्या चिकट तांदळाच्या पदार्थाची निवड करतात, कारण पाचव्या चांद्रमासाच्या पंचमीला येणाऱ्या त्वानवू सणाला नौकांच्या शर्यती असतात आणि नदीत प्राण देणाऱ्या प्राचीन कवी छू युआनची कथाही हाताशी असते. माझा सल्ला असा की सुरुवात थांगयुआनपासून करावी. पहिल्या चांद्रमासाच्या पौर्णिमेला, म्हणजे कंदिलांच्या सणाला, आणि दक्षिणेकडे हिवाळ्यातील अयनदिनीही हे चिकट तांदळाच्या पिठाचे गोळे करतात. पीठ, कोमट पाणी आणि दोन तळहात एवढ्यावर काम भागते. उत्तरेकडील युआनश्याओ हा याचाच भाऊबंद, परंतु त्यात सारणाचे तुकडे कोरड्या पिठात घोळवून गोळे वाढवत नेतात, त्यामुळे लहान मुलांच्या हातांना फारसे काम उरत नाही.

थांगयुआन करताना भाषा कशी येते ते नीट पाहण्यासारखे आहे. तळहातांमध्ये गोल फिरवणे म्हणजे ‘त्सुओ’, चिमटीने दाबणे म्हणजे ‘न्ये’, सारण आत घेऊन बंद करणे म्हणजे ‘बाओ’. चिनी भाषेत सूर बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो; ही तिन्ही क्रियापदे चार सुरांपैकी पहिल्या, म्हणजे उंच आणि सपाट सुरातील आहेत. गोळा फिरत राहील तितका वेळ ‘त्सुओ’ हा उच्चार एकाच पट्टीत लांबवला की मुले सूर न सांगताच उचलतात, आणि सुरांचे वेगळे सराव घेण्याची गरज बरीच कमी होते. गोळा पूर्ण झाला की ‘त्सुओ हाओ ल’, म्हणजे वळून झाला, असे म्हणायचे. क्रियापदाला परिणाम दाखवणारा शब्द जोडण्याची ही रचना मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांना व्याकरणाच्या पुस्तकातून समजावून घ्यावी लागते, परंतु येथे मुलाच्या हातातच पुरावा असतो. तीच गोष्ट ‘बा’ या रचनेची. ‘पिठाचा गोळा तळहातावर ठेव’, ‘सारण आत घाल’ अशा सूचनांत वस्तू क्रियापदाच्या आधी आणण्यासाठी ती रचना आपोआपच लागते, आणि स्वयंपाकाइतक्या अशा सूचना दुसऱ्या कोणत्या खेळात सापडत असतील असे मला वाटत नाही. शेवटी पातेल्यात गोळे टाकल्यावर ते आधी तळाशी जातात आणि शिजले की वर येतात. सगळी मुले वाट पाहत असताना ‘फू छीलाय ल’, म्हणजे तरंगले, हे वाक्य कोणीतरी स्वतःहून उच्चारतेच.

एका तासिकेत तीन क्रियापदे आणि एक-दोन गणनावाचक शब्द (वस्तू मोजताना संख्येनंतर येणारे, वस्तूनुसार बदलणारे शब्द) पुरेसे आहेत. काही मुले अनेक आठवडे बोलत नाहीत. ती सूचनेनुसार हात हलवत असतील तर ती भाषा शिकत आहेत असे समजावे आणि ‘म्हण, म्हण’ असा आग्रह धरू नये.

त्सोंगत्झचे काम मी वयानुसार वाटून देते. चीनच्या शिक्षण मंत्रालयाने 2012 मध्ये 3 ते 6 वर्षांच्या मुलांच्या शिक्षण आणि विकासासाठी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तिच्यातील पाच क्षेत्रांपैकी भाषा हे एक असून त्यात ऐकणे-बोलणे आणि वाचन-लेखनाची पूर्वतयारी यांचा विचार आहे. नोकरीसाठी अर्ज करण्यापूर्वी ती अवश्य वाचावी. लहान गटातील मुले भिजवलेली पाने धुतात, हुंगतात आणि मोजतात : पानासाठी ‘यी फ्येन’, दोरीसाठी ‘यी गन’, चमचाभर तांदळासाठी ‘यी शाओ’. मधल्या गटातील मुले पानाच्या द्रोणात तांदूळ भरतात, तर मोठ्या गटातील मुले मदत घेऊन दुमडणे आणि बांधणे करून पाहतात. छू युआनच्या मृत्यूची कथा तीन वर्षांच्या मुलांना सांगण्याची मला घाई वाटत नाही; दक्षिणेत मांसाचे खारे आणि उत्तरेत खजुरासारख्या लाल बोरांचे गोड त्सोंगत्झ करतात, यावर ‘तुला कोणते आवडते’ हा संवाद त्यांच्यासाठी अधिक उपयोगी ठरतो.

आठव्या चांद्रमासाच्या पौर्णिमेला येणाऱ्या मध्य-शरद सणाचे मूनकेक (सारण भरून साच्यात दाबलेले केक) भाजण्यात वेळ जातो, म्हणून वर्गात न भाजता होणारे ‘बिंगफी’ प्रकारचे करावेत. लाकडी साच्यात दाबून ते काढताना आपल्याकडच्या मोदकाच्या साच्याची सवय मला फार उपयोगी पडली. 2024 मध्ये तर हा सण आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी, 17 सप्टेंबरला आली होती, आणि वर्गातील मराठी घरच्या मुलांना दोन्ही साचे शेजारी ठेवून चिनी भाषेतच ‘हा मोठा, हा लहान’ असे सांगता आले.

चिकट तांदळाचे गोळे लहान मुलांच्या घशात अडकू शकतात, म्हणून अख्खा गोळा कधीही देऊ नये. लहान तुकडे करून, मुलांना बसवून, शेजारी थांबून भरवावे. काळे तीळ, शेंगदाणे, अंडे आणि गहू यांच्या ॲलर्जीची तसेच शाकाहार व धार्मिक निर्बंधांची लेखी माहिती पालकांकडून आधी घ्यावी.

वेळापत्रकाकडेही लक्ष हवे. 2008 पासून छिंगमिंग (पूर्वजांच्या स्मरणाचा सण), त्वानवू आणि मध्य-शरद सण या दिवशी सार्वजनिक सुटी असते, तर वसंतोत्सव, म्हणजे चिनी नववर्ष, हिवाळी सुटीत येतो, म्हणून उपक्रम सणाच्या काही दिवस आधी घ्यावा लागतो. ज्याओत्झसाठी, म्हणजे सारण भरलेल्या करंजीसारख्या डम्पलिंगसाठी, 21-22 डिसेंबरचा अयनदिन सोयीचा पडतो. कामाच्या प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र काढून ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी मुलांकडून ती क्रमाने लावून घ्यावीत. ‘श्येन’, ‘रानहौ’, ‘त्स्वेइहौ’, म्हणजे आधी, नंतर आणि शेवटी, हे शब्द वापरून मूल स्वतः जे सांगते, तेच त्याच्या नोंदवहीत त्याच्याच शब्दांत लिहावे. मुलाखतीच्या वेळी नमुना तासिका मागितली गेल्यास मी शिकवलेल्या पदार्थांचे फोटो दाखवण्याऐवजी अशा नोंदवहीची दोन पाने दाखवते.