कोल्हापूरच्या पंचगंगा नदीच्या काठाची डागडुजी कुठून सुरू करायची?

मी आधी चिखली-आंबेवाडी या नदीकाठच्या गावांच्या पारावर जाऊन बसतो. ऊसवाले, मासे धरणारे, घाटावर म्हशी धुणारे, सगळ्यांना वेगवेगळं भेटा; सभेत मोठ्या आवाजाचंच ऐकू येतं. पाणी पहिल्यांदा कुठून शिरतं, कुठला काठ ढासळतोय, काय वाचलंच पाहिजे, हे विचारून नकाशावर त्यांच्याच हातानं खुणा करून घ्या.

मग हेक-रास घ्या, म्हणजे नदीचं पाणी कुठं किती चढेल हे संगणकावर काढणारं सॉफ्टवेअर; फुकट मिळतं. नदीचे आडवे छेद, बंधारे, पूल, रस्त्यांचे भराव त्यात भरा. भराव विसरू नका, पाणी तिथंच तुंबतं. आधी २०१९चा पूर चालवून बघा. राजाराम बंधाऱ्यावर तेव्हा पातळी ५५ फुटांवर गेली होती. घरांच्या भिंतींवरच्या खुणांशी मॉडेल जुळेपर्यंत पात्राच्या खडबडीतपणाचा आकडा (पात्र पाण्याला किती अडवतं तो) बदलत राहा.

जुळलं की पर्याय तपासा: दगडी पिचिंग (काठाला दगडांचं अस्तर), गाळ काढणं, बांबूची लागवड, आणि काहीच न करणं. प्रत्येक पर्याय इशारा पातळीला म्हणजे ३९ फुटांना आणि धोक्याच्या ४३ फुटांना चालवा. एक काठ उंच केला तर पाणी समोरच्या गावात किती चढतं, हे खाली शिरोळपर्यंत बघाच. यात मी तडजोड करत नाही.

निकाल घेऊन पुन्हा पारावर जा. आलेख नकोत, प्रत्येकाला त्याच्या उंबऱ्यावर किती फूट पाणी येईल तेवढं सांगा आणि पर्यायांचा क्रम त्यांना लावू द्या.