पुढील स्टेशन काढायचं कसं: एकच टेबल स्वतःलाच जॉइन करताना

लोकलमध्ये ‘पुढील स्टेशन दादर’ ऐकू येतं ना, तेच आपल्याला डेटाबेसच्या टेबलमधून एसक्यूएल क्वेरी लिहून काढायचंय. टेबलचं नाव स्टेशने, कॉलम तीन: लाइन, क्रम, स्टेशन. वेस्टर्नला चर्चगेट १, मरीन लाइन्स २, चर्नी रोड ३, सेंट्रलला सीएसएमटी १, मस्जिद २, सँडहर्स्ट रोड ३, असं भरत जा, निदान दोन्हीकडून दादरपर्यंत तरी भरा, ते नंतर लागणार आहे. अडचण अशी की पुढचं स्टेशन दुसऱ्या कुठल्या टेबलमध्ये नाहीये, याच टेबलच्या दुसऱ्या ओळीत बसलंय.

मग त्या यादीच्या दोन झेरॉक्स काढल्यात असं समजा. एकीवर अ लिहा, दुसरीवर ब, आणि ब एक ओळ वर सरकवून अ च्या शेजारी ठेवा, चर्चगेटसमोर बरोबर मरीन लाइन्स येतं. झालं, हाच सेल्फ जॉइन. त्याचा वेगळा कीवर्ड वगैरे काही नाही, नेहमीचाच जॉइन (अट लावून दोन टेबलांच्या ओळी जोडणं), फक्त दोन्ही बाजूंना टेबल तेच.

क्वेरी खाली देतोय, उच्चाराप्रमाणे लिहिलीये, टाइप करताना अर्थात रोमन अक्षरात करा:

सिलेक्ट अ.स्टेशन, ब.स्टेशन
फ्रॉम स्टेशने अ
जॉइन स्टेशने ब
ऑन ब.लाइन = अ.लाइन
अँड ब.क्रम = अ.क्रम + १

अ आणि ब ही टोपणनावं म्हणजे एलिआस, ती द्यावीच लागतात. दिली नाहीत तर मायएसक्यूएल हा डेटाबेस १०६६ नंबरचा एरर देतो, ‘नॉट युनिक टेबल’. आणि एलिआस देऊन पण सिलेक्टमध्ये नुसतं स्टेशन लिहिलं तर १०५२, कॉलम अँबिग्युअस, कारण कुठल्या झेरॉक्सवरचं स्टेशन हे त्याला कळत नाही.

लाइनवाली अट मी पहिल्यांदा विसरलो होतो, कारण डोकं सगळं त्या + १ मध्ये, आणि रिझल्टमध्ये चर्चगेटनंतर मरीन लाइन्स पण आलं आणि मस्जिद पण! एरर नाही, काही नाही, नुसत्या जास्तीच्या ओळी. म्हणून रन केल्यावर आधी ओळी मोजा.

आता शेवटचं स्टेशन. यादी विरारपर्यंत असेल तर अ बाजूला विरार दिसणारच नाही, कारण त्याच्यापुढे जोडीला कोणी नाही. ऑरॅकल डेटाबेसच्या जुन्या सॅम्पल टेबलात हेच होतं, ईएमपी या कर्मचाऱ्यांच्या टेबलात १४ माणसं, बाकीच्यांचे मॅनेजर त्याच टेबलात, पण सगळ्यात वरच्या किंगला मॅनेजर नाही, मॅनेजर शोधायला साधा जॉइन केला की १३च ओळी येतात आणि साहेबच गायब. उपाय म्हणजे जॉइनच्या जागी लेफ्ट जॉइन, तो अ ची प्रत्येक ओळ ठेवतो, मग विरार येतो आणि त्याच्यासमोर नल, म्हणजे रिकामी जागा. पण एक करा, फक्त वेस्टर्न हवी असेल तर व्हेअरमध्ये, म्हणजे ओळी गाळायच्या अटीत, अ.लाइन लिहा, ब.लाइन नको, ब लिहिलंत की नलवाली ओळ पुन्हा कटाप. उलट व्हेअर ब.स्टेशन इज नल लिहिलं तर फक्त शेवटची स्टेशनं मिळतात, हे मला जाम आवडतं. (= नल लिहू नका, काहीच मिळणार नाही.)

खरं सांगायचं तर नुसतं पुढचं स्टेशनच हवं असेल आणि मायएसक्यूएल ८.० किंवा त्यापुढचं असेल तर लीड हे विंडो फंक्शन सोपं पडतं, ते थेट पुढच्या ओळीतलं मूल्य आणून देतं. पण लाइन कुठे बदलता येते हे काढायला सेल्फ जॉइनच बरा:

सिलेक्ट अ.स्टेशन, अ.लाइन, ब.लाइन
फ्रॉम स्टेशने अ
जॉइन स्टेशने ब
ऑन अ.स्टेशन = ब.स्टेशन
अँड अ.लाइन < ब.लाइन

दादर मिळेल. हार्बरसुद्धा भरली असेल तर कुर्ला, अंधेरी वगैरे पण मिळतील. ती < ची खूण महत्त्वाची, तिच्याशिवाय प्रत्येक स्टेशन स्वतःलाच चिकटतं, आणि तिथे <> (म्हणजे ‘समान नाही’) टाकलं तर दादर दोनदा येतं, एकदा वेस्टर्न-सेंट्रल, एकदा सेंट्रल-वेस्टर्न. प्रभादेवी आणि परळ मात्र यात येणार नाहीत, पूल चढून आपण रोज इकडून तिकडे जातो पण नावं वेगळी, क्वेरीला काय कळणार. त्या जोड्यांसाठी पुलांचं वेगळं टेबल करावं लागेल.