रोजच्या क्षणांवरची कविता लिहिताना या चुका टाळा

दाराला कुलूप लावून एक माणूस दोन पायऱ्या उतरतो, परत वर येतो आणि कुलूप ओढून बघतो. एवढंच दिसलं आणि त्यावर कविता सुचली. अशी कविता बहुधा शेवटच्या दोन ओळींत मरते: 'आपण सगळेच असे / आपल्या भीतीला कुलूप लावत असतो.' वाचकाच्या हे आधीच लक्षात आलेलं असतं. आपण ते सांगून त्याच्या हातातून काढून घेतो.

ही सगळ्यात घातक चूक, आणि मी ती कित्येक वर्षं केली. क्षण फारच छोटा आहे, त्याला काही अर्थ जोडायला हवा, ही धास्ती तिच्या मुळाशी असते. कविता झाली की शेवटच्या दोन ओळी हाताने झाका. वरचा भाग तरीही उभा राहिला, तर झाकलेलं खोडा. नाही राहिला, तर शेवटाशी झटापट करू नका. कमी वरच आहे, पाहणं अपुरं पडलंय. त्याच्या दुसऱ्या हातात काय होतं? सोडल्यावर कुलूप कडीवर आपटून वाजलं का? वाजलं असेल, तर कविता त्या आवाजावर थांबू शकते.

'एकाकी', 'उदास', 'निःशब्द' हे शब्द म्हणजे निकाल. वाचकाला निकाल नको, पुरावा हवा. 'अस्वस्थ हातांनी' याऐवजी 'किल्ली दोनदा चुकली' लिहून बघा. 'जणू'चंही तसंच. उपमा आली की समोरचं कुलूप धूसर होतं. 'मी पाहतो', 'मला दिसतं' तर सरळ काढा. कोणीतरी पाहतंय हे उघडच आहे.

गद्य वाक्य तोडून एकाखाली एक ठेवलं की कविता झाली, हा गैरसमज फार पसरलाय. अमेरिकन कवी विल्यम कार्लोस विल्यम्स यांची लाल हातगाडीवरची कविता १९२३ची. इंग्रजीत ती जेमतेम १६ शब्दांची, ८ ओळींची. त्यात हातगाडीसाठीचा 'व्हीलबॅरो' (व्हील म्हणजे चाक) हा जोडशब्दच मधोमध तोडलाय: आधी लाल चाक दिसतं, मग पुढच्या ओळीत गाडी. तोडण्याला तिथे काम आहे. तुमच्या ओळी सलग जोडून मोठ्याने वाचा. काहीच हरवलं नाही, तर त्या तोडायचं कारण नव्हतं. ओळीच्या शेवटी सोडलेल्या तीन टिंबांनाही हीच कसोटी लावा.

लहान कविता लवकर होते, असं वाटून घाई होते. अमेरिकन कवी एझरा पाउंड यांना पॅरिसच्या भुयारी रेल्वेच्या स्थानकावर गर्दीत काही सुंदर चेहरे दिसले. त्यांनी ३० ओळी लिहिल्या आणि नष्ट केल्या. सहा महिन्यांनी त्याच्या निम्म्या लांबीची कविता झाली. आणखी वर्षभराने उरल्या फक्त दोन ओळी. त्या १९१३ साली छापून आल्या.

त्या दिवशी वहीत कविता नाही उतरली तरी चालेल, पण पाहिलेलं साध्या गद्यात नक्की टिपा: उजेड कुठून येत होता, आवाज कसला होता, कोण आधी वळलं. भावना महिन्याभरानेही आठवते. कुलूप डाव्या हाताने ओढलं होतं की उजव्या, हे मात्र दोन दिवसांत विसरायला होतं.