बी.एड.ची पद्धती कशी निवडावी आणि विषयाप्रमाणे सराव पाठ कसा बांधावा

बी.एड.ला प्रवेश मिळेपर्यंत सगळं लक्ष सीईटीवर, म्हणजे प्रवेश परीक्षेवर असतं: ९० मिनिटं, १०० प्रश्न. पण पुढची दोन वर्षं आणि नंतरची नोकरी ठरते ती अध्यापन पद्धतीवर, म्हणजे जो विषय शिकवायला शिकायचं त्या मेथडवर. आणि नेमकी तीच निवड बरेच जण प्रवेशाच्या गडबडीत, मैत्रिणीने घेतली म्हणून करून मोकळे होतात.

पदवीला जो मुख्य विषय होता तीच पहिली पद्धती घ्या. शिक्षक भरतीत पदवीचा विषय आणि पद्धती यांचा मेळ पाहिला जातो. तो जुळला नाही तर माणूस कागदपत्र पडताळणीत अडकतो. दुसरी पद्धती निवडताना टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, डोळ्यांसमोर ठेवा. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पहिली ते पाचवीसाठी बी.एड. ही पात्रता मान्य केली नाही, त्यामुळे बी.एड.वाल्यांची वाट सहावीपासून सुरू होते. सहावी ते आठवीच्या टीईटीत १५० पैकी ६० गुण गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्रांचे असतात. म्हणून गणिताला विज्ञानाची आणि इतिहासाला भूगोलाची जोड सोयीची पडते.

कॉलेज निवडताना एनसीटीईची (राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषदेची) मान्यता आणि मंजूर प्रवेशक्षमता आधी तपासा. हजेरी लागणार नाही, फक्त परीक्षेला या, असं सांगणाऱ्या कॉलेजकडे फिरकू नका. एनसीटीईच्या नियमानुसार तासांना ८० टक्के आणि छात्रसेवाकालात, म्हणजे शाळेत जाऊन शिकवण्याच्या आठवड्यांत, ९० टक्के उपस्थिती लागते. त्याहून मोठं नुकसान म्हणजे वर्गावर उभं राहायची सवय होतच नाही.

पहिल्या सत्रात सूक्ष्म अध्यापन येतं, म्हणजे एकेका कौशल्याचा छोटा पाठ घेऊन तो सुधारणं. चक्र ३६ मिनिटांचं: ६ मिनिटं अध्यापन, ६ प्रत्याभरण (फीडबॅक), १२ पुनर्नियोजन, ६ पुनरध्यापन, ६ पुनर्प्रत्याभरण. एका चक्रात एकच कौशल्य घ्यायचं. प्रश्न विचारण्याच्या कौशल्याचा पाठ असेल तर फलकलेखन चांगलं की वाईट हे निरीक्षकाने मोजायचंच नाही. बहुतेक गटांत पुनर्नियोजनाची १२ मिनिटं गाळली जातात आणि तोच पाठ पुन्हा म्हणून दाखवला जातो. मग चक्र पूर्ण झाल्याची सही मिळते, सुधारणा मात्र काहीच होत नाही.

नंतर येतो पूर्ण तासिकेचा सराव पाठ. ३५ मिनिटांची तासिका धरली तर प्रस्तावनेला ५, विषय विवेचनाला २२, उपयोजनाला (शिकलेलं वापरून पाहायला) ५ आणि गृहपाठ लिहून द्यायला ३ मिनिटं ठेवा. पाठ फसतो तो बहुधा प्रस्तावनेत. मुलांकडून शीर्षकाचा शब्द वदवून घेण्यातच १० मिनिटं जातात आणि उपयोजन घंटेखाली सापडतं. तीन प्रश्नांत शीर्षक आलं नाही तर सरळ सांगून टाका आणि पुढे चला.

आता मुख्य गोष्ट. वरिष्ठांच्या वहीतलं टाचण, म्हणजे पाठाचा लेखी आराखडा, उतरवून फक्त घटकाचं नाव बदलण्याची चाल सगळीकडे आहे. ती सोडा, कारण विषय बदलला की पाठाचा सांगाडाच बदलतो.

गणिताचा पाठ मुलांच्या चुकीपासून बांधावा. समजा घटक अपूर्णांकांची बेरीज. १/२ + १/३ = २/५ असं उत्तर वर्गात कोणीतरी देणारच. ते लगेच खोडू नका, फळ्यावर राहू द्या. प्रत्येक जोडीला १२ सेंमी लांबीची कागदी पट्टी द्या. निम्मी ६ सेंमी, तिसरा भाग ४ सेंमी, मिळून १० सेंमी, म्हणजे १०/१२, म्हणजेच ५/६. मग विचारा: २/५ म्हणजे किती सेंमी? ४.८. निम्म्यात भर घातली आणि पट्टी निम्म्याहून लहान कशी झाली? समच्छेद करण्याची गरज मुलांना इथे कळते. नियम त्यानंतर फळ्यावर लिहायचा.

विज्ञानात प्रयोग आदल्या दिवशी, शाळेतल्याच साहित्याने करून पाहा. दर्शकांच्या (रंग बदलून आम्ल-आम्लारी ओळखू देणाऱ्या पदार्थांच्या) पाठात हळदीचा कागद साबणाच्या पाण्यात लाल होतो आणि वर्ग खूश होतो. पण लिंबाच्या रसात तो पिवळाच राहतो, आणि साध्या पाण्यातही पिवळाच. म्हणजे आम्ल आणि उदासीन यांतला फरक हळद दाखवत नाही. तिच्यासोबत जास्वंदीचा अर्क ठेवा, तो आम्लात गडद गुलाबी आणि आम्लारीत हिरवा होतो. ही तयारी नसेल तर ‘रंग बदलला नाही, म्हणून आम्ल’ असा चुकीचा निष्कर्ष तुमच्याच पाठातून मुलं घरी नेतात.

इतिहासाला कथन पुरेसं नाही, एक साधन वर्गात आणा. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये शिक्षणाविषयीच्या हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनातला एखादा परिच्छेद चालेल. आधी कोण, कोणाला, कधी सांगतंय हे मुलांकडून काढा. मगच सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी त्यांनी का केली, याकडे वळा. मराठीत कविता असेल तर आधी आदर्श वाचन, तेही टाचण खाली ठेवून. शब्दार्थ फळ्यावर मांडून सुरुवात केली की कवितेचा रस तिथेच आटतो. व्याकरणाला मात्र उदाहरणांकडून नियमाकडे नेणारी उद्गामी पद्धत घ्या आणि एका तासिकेत एकच प्रकार शिकवा.

छात्रसेवाकाल एकूण २० आठवड्यांचा, त्यातले १६ दुसऱ्या वर्षी. पहिल्याच दिवशी शाळेचं वेळापत्रक, सहामाही नियोजन आणि परीक्षेच्या तारखा लिहून घ्या. गैरहजर शिक्षकांचे तास सांभाळण्यातच दिवस जाऊ लागले, तर विषयशिक्षकांना भेटून एक अख्खा घटक स्वतःकडे मागून घ्या. त्याचं घटक नियोजन, पाठ आणि चाचणी सगळं तुमचंच. चाचणीचा संविधान तक्ता, म्हणजे कोणत्या उद्दिष्टाला किती गुण हे दाखवणारा तक्ता, प्रश्न काढण्याआधी करा. आधी प्रश्न काढून मागाहून तक्ता भरला की सगळे गुण ज्ञानाच्या उद्दिष्टाकडे गोळा झालेले दिसतात आणि उपयोजनाचा रकाना रिकामा राहतो. पेपर तपासल्यावर ज्या प्रश्नाला निम्म्याहून जास्त मुलं चुकली, त्या भागाचा उपचारात्मक (उणीव भरून काढणारा) पाठ त्याच आठवड्यात घ्या.